मामांच्या शब्दावर

मामांच्या नाकाला आमच्या प्लँटमध्ये कोर्टाचा मान होता. मामा "वास न्हाई" म्हणाले की माणूस सुटला, "वास हाय" म्हणाले की शिक्षा कायम. वर अपील नाही. कुरकुंभच्या एमआयडीसीत आमची केमिकलची कंपनी. आत पेटायला टपलेल्या सॉल्व्हंटच्या टाक्या, तापलेले रिअ‍ॅक्टर आणि तीन पाळ्यांत राबणारी माणसं. तिथे एक जण जरी पिऊन आला तरी सगळ्यांच्या घरी रडारड व्हायची. म्हणायला गेटवर सिक्युरिटीकडे फुंकायचं मशीन होतं, पण ते बारा महिने आजारी. मॅनेजरसाहेब हसून म्हणायचे, "मामा असताना मशीन कशाला?" आम्हीही हसायचो. आज ते वाक्य आठवलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

पाळी सुरू व्हायच्या आधी मामा कपडे बदलायच्या खोलीच्या दारात उभे राहत. हुद्दा शिफ्ट सुपरवायझरचा, पण उभं राहणं असं की घरचं लग्न आहे आणि हे पाहुण्यांच्या स्वागताला उभे आहेत. प्रत्येकाने समोर यायचं, मामांच्या हातात हात द्यायचा आणि मोठ्याने "राम कृष्ण हरी" म्हणायचं. बिहारकडची पोरं "परनाम मामा" म्हणायची, आमचा सलीम फिटर "सलाम मामा" म्हणायचा. कोण काय म्हणतं याच्याशी मामांना कर्तव्य नव्हतं. माणसाने तोंड उघडून श्वास सोडला पाहिजे, एवढंच. तेवढ्यात त्यांचं नाक वास घ्यायचं, हात त्या हाताची थरथर चाचपायचा आणि डोळे समोरच्याचे डोळे तपासायचे. "का रं, काल पाव्हणं आलं व्हतं व्हय घरी? डोळं चुगली करत्यात तुझं." समोरचा ओशाळून हसायचा. मग मामा त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणायचे, "जा घरी. पोट बिघडलंय तुझं. रजा टाक."

पहिल्यांदा सापडलेल्या माणसाचं नाव मामांनी कधी ऑफिसात नेलं नाही. त्यांची पद्धत वेगळी. सुट्टीच्या दिवशी ते त्या माणसाच्या दारात जाऊन हॉर्न वाजवायचे, त्याला गाडीवर मागे बसवायचे आणि दौंडच्या पलीकडे एका गावात एक म्हातारे महाराज होते, त्यांच्याकडे घेऊन जायचे. महाराजांच्या हातून त्याच्या गळ्यात तुळशीची माळ पडायची. आमच्याकडे माळ घातली म्हणजे दारू-मटण सुटलं. माळकरी माणूस प्यायला तर गाव त्याच्या तोंडावर थुंकतं, त्यामुळे माणूस धाकाने तरी पाळतो. मामांच्या गळ्यात तर लहानपणापासून माळ. एकदा माळ पडली की मामा त्या माणसाला नाक लावत नसत, नुसता नमस्कार करून आत सोडत. माळ हेच सर्टिफिकेट. कंपनीत एवढे शिकलेले लोक, मीही बीएस्सी केमिस्ट्री झालेला, पण यात काही चुकतंय असं एकाच्याही मनात आलं नाही.

मी शिरूर तालुक्यातला, घोडनदीकाठचा. ट्रेनी म्हणून आलो तेव्हा दौंडला खोली घेऊन राहायचो आणि तिन्हीत्रिकाळ वडापाव खायचो. मामांनी एक दिवस माझं मनगट धरून पाहिलं आणि म्हणाले, "ए घोडनदीकर, तुझ्या तालुक्यात माणसं वाऱ्यावर जगत्यात काय?" त्याच दिवशी पाळी सुटल्यावर मला घरी घेऊन गेले. घर रानात, पुढे झेंडूचा वाफा, मागे ऊस. मामींनी बाजरीची भाकरी, मेथीची भाजी आणि लोण्याचा गोळा वाढला. मी संकोचाने हात आखडता घेतला तर मामा ओरडले, "अगं, वाढ त्याला! हा लाजून मरायचा आन् त्याच्या आईला मी काय सांगू?" त्यानंतर त्या घरात मी पाहुणा राहिलो नाही. मामींनी माझी ताटली वेगळी ठेवली नाही, हात धुवायला पाणी आणून दिलं नाही. घरच्यासारखं उठून घ्यायचं आणि खायचं.

काम मी त्यांच्याच हाताखाली शिकलो. घाईतल्या साहेबाला "नाही" कसं म्हणायचं हेही त्यांनीच शिकवलं. "साह्यबाला घाई आसंल तर त्याला म्हणावं तू चढ वर. आपला जीव पगारात धरलेला न्हाई." पुढे मी शिफ्ट ऑफिसर झालो, हुद्द्याने त्यांच्या वर गेलो, तेव्हा त्यांनी अख्ख्या पाळीला पेढे वाटले. नशेच्या माणसाबद्दल ते एक गोष्ट नेहमी सांगायचे. "पेताड माणूस पयलं सोताशी खोटं बोलतो, मग बायकूशी. कंपनीशी सगळ्यात शेवटी. म्हंजी आपल्याला कळतं तवा लई उशीर झालेला आसतो, म्हणून डोळं उघडं ठिवा." मी हे वाक्य नव्या पोरांना पाठ करायला लावायचो. मूर्ख मी!

मामांनी माळ घातलेल्यांत सगळ्यात नावाजलेला माणूस म्हणजे दत्तू. कॉन्ट्रॅक्टवर होता, रिअ‍ॅक्टरवर मदतनीस. पूर्वी असा प्यायचा की दौंड स्टेशनच्या बाकावर त्याची जागा ठरलेली होती. मामांनी त्याला तिथून उचलला. पुढची काही वर्षं त्याने थेंबाला शिवलं नाही. काम करता करता शीळ घालायचा, दुसऱ्याच्या वाटचे ड्रम उचलायचा, आणि कुणी पूर्वीच्या गोष्टीवरून चिडवलं तर छाती पुढे काढून माळ दाखवायचा. त्याची बायको संगीता झेंडू आणि शेवंती तोडायच्या कामाला जायची. दिवाळीत फराळाचं पहिलं ताट देवापुढे न ठेवता मामांच्या घरी पाठवायची. "देवानं त्यांना पाजून ठिवलं व्हतं, मामांनी सोडीवलं," असं ती सगळ्यांना सांगे.

मग मामा जिन्यावरून घसरले. दुसऱ्या मजल्यावरचा लोखंडी जिना, खाली पाणी सांडलेलं. कंबर धरली. डॉक्टरने दुखण्याच्या भारी गोळ्या लिहून दिल्या, काही आठवड्यांनी बंद करायला सांगितल्या. मामा कामावर आले, दारात उभे राहिले, सगळं पूर्वीसारखं सुरू झालं. डॉक्टरने बंद केलेल्या गोळ्या मामांनी बंद केल्या नव्हत्या, दौंडच्या एका मेडिकलवाल्याकडून ओळखीने आणून वाढवत नेल्या होत्या, हे आम्हाला फार नंतर कळलं. दारूला वास असतो. गोळीला नसतो.

तरी खुणा काय कमी होत्या? चहाचा कप हातात धरून मामा बसल्या बसल्या डोळे मिटायचे, हनुवटी छातीला टेकायची. आमचे लोक एकमेकांना गप्प करायचे, "श्शू, मामांचं नामस्मरण चाललंय." जेवणाचा डबा तसाच परत जायचा. "एकादशी आसंल." एकादशी महिन्यातून दोनदा येते, मामांची आठवड्यातून तीनदा यायला लागली, तरी कुणी मोजली नाही. सारखे दंड आणि नाक खाजवायचे. "केमिकलची अ‍ॅलर्जी." एखाद्या सकाळी घामाने भिजलेले, चिडचिडे, कुणाच्याही अंगावर धावून जाणारे मामा लॉकरकडे जाऊन यायचे आणि थोड्या वेळाने असे शांत व्हायचे की जणू गाभाऱ्यातून आलेत. आम्ही म्हणायचो, बघा, माळकऱ्याचा राग कसा पाण्यावरच्या रेघेसारखा! दुसरा कुणी असा वागला असता तर त्याला मामांच्याच नाकापुढे उभं केलं असतं. पण मामांना "राम कृष्ण हरी" म्हणायला लावणार कोण?

त्या दिवशी सकाळची पाळी होती. टाकीतून रिअ‍ॅक्टरमध्ये सॉल्व्हंट घ्यायचं होतं. मामा आणि दत्तू वर होते, मी खाली कंट्रोल रूममध्ये. अचानक अलार्म झाला. बाहेर येऊन बघतो तर जमिनीवर सॉल्व्हंटचा पूर, वास असा की डोळ्यांना धारा. लाइन रिकामी करायचा ड्रेन व्हॉल्व्ह सताड उघडा. एक ठिणगी, कुठल्या तरी मोटारीची एक बारीक ठिणगी पडली असती तर आज हे लिहायला मी नसतो. सगळ्यांना बाहेर काढलं, वीज तोडली, फोम मारला. कुणाचा जीव गेला नाही ही कुलदैवताची कृपा.

बाहेर झाडाखाली सगळी पाळी उभी. मॅनेजरसाहेब पांढरे पडले होते. "व्हॉल्व्ह कोणी उघडला?" दत्तू म्हणाला, "साहेब, मी न्हाई. मी पाइप धरून उभा व्हतो." मामा सावकाश दत्तूजवळ गेले, त्याच्या तोंडापाशी वाकले, आणि मागे सरकून म्हणाले, "वास येतोय."

दत्तूच्या चेहऱ्यावर राग आला नाही. तो नुसता बावचळला. "मामा, माळ हाय माझ्या गळ्यात."

"काढ ती," मामा म्हणाले. "तिला बाटवू नगंस."

दत्तूने माळ काढली आणि मामांच्या हातात ठेवली. सगळ्यांच्या कपड्यांना, केसांना सॉल्व्हंटचा भपकारा येत होता. त्यात कुणाच्या तोंडाचा वास कुणाला येणार? हे मला आज सुचतं. तेव्हा मामांच्या नाकावर शंका घेणं म्हणजे सूर्य पूर्वेला उगवतो का हे विचारणं. सिक्युरिटीचं मशीन नेहमीप्रमाणे दुरुस्तीला. कॉन्ट्रॅक्टच्या माणसाला काढायला नोटीस लागत नाही, गेटपास काढून घेतला की झालं. दत्तू गेटकडे चालत गेला आणि आम्ही सगळ्यांनी माना फिरवल्या. मामांना त्या दिवशी मी माझ्या गाडीवर घरी सोडलं. वाटेत ते म्हणाले, "कुत्र्याचं शेपूट, दुसरं काय." मी म्हणालो, "तुम्ही मनाला लावून घेऊ नका." बघा, मी त्यांची समजूत काढत होतो!

एवढा मोठा प्रसंग झाल्यावर कंपनीला जाग आली. नवं फुंकायचं मशीन आलं, आणि पुण्याहून एक डॉक्टरबाई आल्या. कामावरचा माणूस नशेत अडकलाय हे कसं ओळखायचं आणि मग काय करायचं, यावर त्यांचं व्याख्यान होतं. कॅन्टीनमध्ये खुर्च्या मांडल्या. मामा माझ्या शेजारी. बाई साध्या भाषेत बोलत होत्या. म्हणाल्या, "तुम्ही फक्त वास शोधता. पण जिचा वास येतो तेवढीच नशा नव्हे. गोळ्यांची नशा असते, आणि ती डॉक्टरच्या चिठ्ठीपासूनही सुरू होते. बसल्या जागी डुलकी, जेवणावरून वासना उडणं, सारखं अंग खाजवणं, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होणं, कधी घाम आणि चिडचिड, मग एकदम शांत."

मला आधी त्या बाईंचाच राग आला. ही कोण उपटसुंभ, हिला कुणी सांगितलं मामांबद्दल? मग लक्षात आलं, तिने मामांना याआधी पाहिलंसुद्धा नव्हतं. मी मान वळवली. मामांची हनुवटी छातीला टेकली होती. मी हळूच "मामा" म्हणालो. त्यांनी डोळे उघडले आणि मी त्या डोळ्यांत पाहिलं. कॅन्टीनमध्ये बऱ्यापैकी अंधार होता, तरी बाहुल्या खसखशीएवढ्या.

बाई पुढे सांगत होत्या, "तुम्ही डॉक्टर होऊ नका, पोलीसही होऊ नका. तुम्हाला कामावर काय दिसलं तेवढंच त्या माणसाशी एकांतात बोला. त्याला वरिष्ठांकडे स्वतः जायची संधी द्या, बरोबर जा. उपचाराने माणूस बरा होतो. पण पांघरूण घालू नका. पांघरुणाखाली माणूस मरतो आणि शेजारच्याला घेऊन मरतो."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी मामांना कूलिंग टॉवरच्या मागे घेऊन गेलो. तिथे पाण्याच्या आवाजात बाकी कुणाला ऐकू जात नाही. म्हणालो, "मामा, तुम्ही कामावर डुलक्या घेता. जेवत नाही. काय घेताय?"

त्यांनी लपवलं नाही. खिशातून गोळ्यांचं पाकीट काढून दाखवलं. "औषध हाय रं. कंबरंचं. दारूचा थेंब शिवलोय का मी? माळ मोडली न्हाई मी माझी." आणि त्यांनी माळेला हात लावला. हे ते खरं मानत होते, यात मला आजही शंका नाही. गोळीने माळ मोडत नाही असा त्यांचा हिशेब होता.

"त्या दिवशी व्हॉल्व्ह कुणी उघडला?"

मामांनी पाकीट परत खिशात घातलं. "डोळा लागला व्हता उभ्या उभ्या. जाग आली तवा हात व्हॉल्व्हवर व्हता."

"आणि दत्तूच्या तोंडाचा वास?"

मामांनी मान फिरवली. "त्या भपकाऱ्यात कुणाला काय कळतंय."

"म्हणजे नव्हता."

"न्हवता," ते म्हणाले. आणि लगेच माझा दंड धरला. "ऐक. दत्तू तरणा हाय, त्याला कुटंबी काम मिळंल. माझी रिटायरमेंट तोंडावर आलीय. ह्या वयात माझ्या नावाला बट्टा लागला तर गावात तोंड कुटं दाखवू? आन् तू बोलणार न्हाईस. तू माझ्या घरचं खाल्लंयस."

काय वाटलं म्हणून सांगू! मामींच्या हातची ती भाकरी, तो लोण्याचा गोळा, सगळं त्या एका वाक्याने त्यांनी माझ्यापुढे लाच म्हणून मांडलं. इतकी वर्षं मी समजत होतो की मला माया मिळाली. मला रडू आलं नाही, संताप आला. तरी बाईंचं बोलणं लक्षात होतं. म्हणालो, "मामा, उद्या सकाळी तुम्ही स्वतः साहेबांकडे चला. मी बरोबर येतो. उपचार घ्या, नोकरी जाणार नाही असं मी बोलतो त्यांच्याशी. पण दत्तूचं नाव धुऊन निघालं पाहिजे." मामांनी मान हलवली. "उद्या जाऊ," म्हणाले. मी विश्वास ठेवला. अजूनही ठेवला!

सकाळी मी पाळीवर आलो. मामा दारात उभे. मला वाटलं माझीच वाट बघतायत. मी हात पुढे केला, "राम कृष्ण हरी" म्हणालो. मामांनी हात धरला, माझ्याकडे न बघता माझ्या मागे उभ्या असलेल्या पाळीकडे बघितलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "वास येतोय."

मी आयुष्यात दारू प्यायलेलो नाही. आणि तरी, शपथेवर सांगतो, मी दोन्ही हातांची ओंजळ तोंडापुढे धरली आणि फुंकून वास घेऊन पाहिला. एवढा माझा त्या माणसावर विश्वास होता! मामा म्हणतात म्हणजे असेल, रात्री खोकल्याचं औषध घेतलं होतं का आपण, असं मी आठवत होतो. मागून सलीम हळूच म्हणाला, "साहेब, तुम्हीसुद्धा?" त्या शब्दाने मी भानावर आलो.

"मशीन आणा," मी ओरडलो. सिक्युरिटीवाला नवं मशीन घेऊन धावत आला. मी सगळ्यांसमोर फुंकलं. काही नाही. पुन्हा फुंकलं. काही नाही. मॅनेजरसाहेब गडबड ऐकून खाली आले होते. मी त्यांना म्हणालो, "साहेब, आता मामांची तपासणी करा. मशीनवर नाही. दवाखान्यात, रक्ताची." साहेब माझ्यावरच चिडले. "काय बोलतोस? ते माळकरी आहेत!" मी म्हणालो, "म्हणूनच तुम्हाला कधी दिसलं नाही."

मामा दारातल्या बाकावर बसले. दोन्ही हात मांड्यांमध्ये दाबून धरले होते. म्हणाले, "लॉकरमधी हायेत. घ्या काढून." मग मी सगळं सांगितलं, व्हॉल्व्हचं आणि दत्तूचंही. मामांनी एका शब्दाने मला खोडलं नाही.

साहेबांना मामांना गुपचूप राजीनामा द्यायला लावून प्रकरण मिटवायचं होतं. डॉक्टरबाईंना फोन केला तेव्हा त्या म्हणाल्या, घालवू नका, उपचाराला पाठवा, जागा राखून ठेवा. तसंच झालं. मामा पुण्याला दाखल झाले. इकडे पाळीने माझ्याशी बोलणं टाकलं. "देवमाणसाच्या पोटावर पाय दिला," असं माझ्या पाठीमागे, आणि पुढे पुढे तोंडावरही, म्हणत. माझ्या टेबलावर जेवायला कुणी बसेना. मामांनी माझ्यावर आळ घेतला हे सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं, पण तेही लोकांनी मामांच्या पदरात घातलं नाही. "गोळीनं बोलवलं, मामांनी न्हाई." दत्तूच्या वेळी असं कुणी म्हणालं नव्हतं. त्याचा गेटपास काढून घेतला आणि सगळे चहाला गेले.

दत्तूला परत घ्यायला कंपनी तयार झाली. ते सांगायला मी त्याच्या घरी गेलो. संगीता एकटीच होती, अंगणात शेवंतीची फुलं निवडत. मी सांगत गेलो तसे तिचे हात थांबले. दत्तू तिथे नव्हता. कुणी म्हणायचं सोलापूरकडे ट्रकवर क्लीनर म्हणून गेलाय, कुणी म्हणायचं भिगवणच्या गुत्त्यावर पाहिला. काम गेल्यानंतर आठवड्याच्या आत तो पुन्हा प्यायला लागला होता. मी स्टेशनवर पाहिलं, हायवेवरचे ढाबे पालथे घातले, त्याच्या भावाकडे जाऊन आलो. कंपनीत त्याची जागा राखून ठेवली होती आणि ती घ्यायला माणूस नव्हता.

काही महिन्यांनी मामा परत आले. गोळी सुटली होती, अंगावर थोडं मांस आलं होतं. त्यांना स्टोअरमध्ये दिवसपाळीचं बसून काम दिलं. एक दिवस ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले. "संगीताकडं जायचंय. एकट्याचं पाय वळत न्हाईत. नेशील?" मला नाही म्हणता आलं असतं. पण म्हटलं, चला, हे तरी होऊ दे. मी त्यांना गाडीवर मागे बसवलं.

संगीता दारात आली. मामांनी हात जोडले. म्हणाले, "सूनबाई, चुकलो मी. खोटं बोललो. दत्तू प्यायला न्हवता."

ती ओरडेल, शिव्या देईल असं मला वाटलं होतं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. ती दाराची चौकट धरून हळू आवाजात बोलली. "मामा, त्या दिशी त्यो घरी आला आन् माझ्या पायाशी बसला. लेकराच्या डोक्यावर हात ठिवून म्हणाला, मी प्यायलो न्हाई. मी म्हणलं, मामा खोटं बोलत्यात व्हय? तुमच्या शब्दावर मी त्याला घरातनं भाईर काढला. सांजच्या पारी आला तवा दार उघडलं न्हाई. लई येळ दार वाजवत व्हता. वास येतो का बघ, म्हणत व्हता, एकडाव माझ्या तोंडाचा वास घेऊन बघ. मी न्हाई घेतला. तुम्ही घेतला व्हता ना!" एवढं बोलून तिने पदर तोंडाला लावला. "आता त्याला कुटं हुडकू, ते सांगा."

मामांचे जोडलेले हात तसेच होते. संगीताने दार लावून घेतलं.

परत येताना मामांचं घर आलं. झेंडूच्या वाफ्यापाशी मी गाडी थांबवली. मामा कंबर धरून सावकाश उतरले. आतून मामींनी आवाज ओळखला असणार, कारण भांड्यांचा आवाज आला आणि त्या म्हणाल्या, "आलं का पोरगं? भाकरी टाकते." मामांनी माझ्याकडे पाहिलं. माणूस शुद्धीत होता, डोळे स्वच्छ होते, आणि त्या डोळ्यांत विनवणी होती. "ये की घरात," ते म्हणाले. "मामी वाट बघतीया."

पुढच्या आठवड्यात मला रांजणगावच्या दुसऱ्या कंपनीत रुजू व्हायचं होतं. ते मी त्यांना अजून सांगितलं नव्हतं, आणि त्या वेळीही सांगितलं नाही. मामी दारात येईपर्यंत मी थांबलो. त्यांना लांबूनच हात जोडले. गाडी मी बंदच केली नव्हती.